शोधाचा हार्नेस वेगळा ठेवा: साधनालाच इशारा कसं बनवायचं

फिरायला जायची लीश खुंटीवरून काढली की कुत्रा आपणहून दाराशी जाऊन उभा राहतो, ‘चल’ म्हणायचीही वेळ येत नाही. हुकाचा आवाज आणि बाहेर जाणं यांची गाठ त्याच्या डोक्यात पक्की बसलेली असते, आणि ती कुणी मुद्दाम शिकवलेली नसते. वास शोधायला शिकवताना तशीच गाठ आपण जाणूनबुजून बांधायची असते: एक ठरावीक हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचा पट्ट्यांचा साज) किंवा पट्टा अंगावर चढला की नाकाचं काम सुरू, उतरला की काम संपलं.

अंध व्यक्तीला वाट दाखवणारा कुत्रा दांड्याचा हार्नेस घातल्यावर कामावर असतो आणि तो काढल्यावर घरातला कुत्रा होतो. वासाच्या कामात हीच पद्धत आणखी उपयोगी पडते, कारण इथे कुत्र्याला बरंच काही स्वतःच्या मनाने ठरवायचं असतं. तो आपल्या पुढे असतो, आपल्याकडे पाहत नसतो. अशा वेळी तोंडी आज्ञा एकदा कानावर पडून विरून जाते, अंगावरचा पट्टा मात्र शोध संपेपर्यंत छातीला लागून राहतो. शिवाय ‘शोध’ हा शब्द घरात कुणीही, कसाही, कितीही वेळा उच्चारतो. ‘चप्पल शोध’, ‘बॉल शोध’ म्हणता म्हणता त्याची धार जाते. साधन निदान आपल्या ताब्यात असतं, कपाटात बंद करून ठेवता येतं.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की इशारा दोन्ही बाजूंनी खरा असावा लागतो. हार्नेस असताना शोधलं तर बक्षीस मिळतं, एवढं पुरेसं नाही. हार्नेस नसताना शोधाचं बक्षीस मिळत नाही, हेही तितकंच खरं असायला हवं. पहिली बाजू बहुतेक जण सांभाळतात. दुसरी सांभाळली नाही की वर्षभर मेहनत करूनही हार्नेस हा नुसता कपडा राहतो.

कोणतं साधन निवडायचं

रोजच्या साधनापेक्षा ते कुत्र्याला वेगळं जाणवलं पाहिजे. आपण पटकन रंगाकडे जातो: रोजचा हिरवा, कामाचा लाल. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट ओळखता येतो, लाल-हिरव्यातला फरक जवळजवळ कळत नाही. त्याला कळतं ते वजन, कापडाचा स्पर्श, बकलाचा आवाज आणि पट्टा अंगावर कुठे बसतो ती जागा. म्हणून रोज गळ्यातला पट्टा वापरत असाल तर कामाला छातीचा हार्नेस घ्या. रोज हार्नेसच वापरत असाल तर कामासाठी रुंद, जड गळपट्टा चालेल, पण तो खोलीतल्या शोधापुरताच. जिथे कुत्रा दोरी ओढत पुढे जाणार, तिथे गळ्यावर ताण नको. गळा आवळला की श्वास घशात अडतो, खोकला येतो आणि हुंगण्याची लय तुटते. कुत्रा सेकंदाला पाचेक वेळा भराभर हुंगत असतो. त्या लयीत अडथळा आला की कामच थांबतं.

हार्नेस समोरून इंग्रजी वाय अक्षरासारखा असावा, म्हणजे पट्टा छातीच्या मधल्या हाडावर येतो आणि खांदे मोकळे राहतात. छातीवरून आडवा जाणारा पट्टा खांद्याची हालचाल अडवतो, नाक जमिनीशी नेताना तो टोचतो. पोटाचा पट्टा पुढच्या पायाच्या कोपरामागे तीन-चार बोटं अंतरावर बसावा आणि त्याच्याखाली दोन बोटं सहज सरकावीत. दोरी अडकवायची कडी पाठीवर, खांद्यांच्या मागे हवी.

दोरी खोलीत २ ते ३ मीटर, मोकळ्या जागेत ५ मीटर आणि माणसाचा माग काढायला १० मीटर लागते. आंतरराष्ट्रीय माग-परीक्षांतही १० मीटरचीच दोरी असते. मोठ्या कुत्र्याला १५ ते २० मिलिमीटर रुंदीची, लहान कुत्र्याला १० मिलिमीटरच्या आसपास. नायलॉन स्वस्त पडतं, पण हातातून सरकलं की तळवा भाजतो. सुती पट्टी हाताला चांगली, भिजली की जड. बायोथेनची, म्हणजे प्लास्टिकचं कोटिंग केलेल्या पट्टीची दोरी चिखलातून आली तरी फडक्याने पुसली की स्वच्छ होते, आपल्याकडच्या पावसाळ्यात तीच सोयीची. टोकाला हात घालायचा फास किंवा कडी ठेवू नका, झुडपात आणि स्कूटरच्या स्टँडमध्ये तीच अडकते. बटण दाबून आत-बाहेर होणारी लीश या कामाला अजिबात नको. तिचा सततचा ओढ कुत्र्याला भलतीच सूचना देत राहतो.

रस्त्यावरून दत्तक आणलेल्या काही कुत्र्यांना डोक्यावरून काही घालणं सहन होत नाही. त्यांच्या बाबतीत हट्ट धरू नका. मागून बांधायचा रुमाल किंवा मानेवरून बकल लावायचा वेगळा पट्टा घ्या. इशारा म्हणून तोही तेवढंच काम करतो.

पहिले दहा दिवस

आधी हार्नेसची भीती नाही ना, एवढं पाहून घ्या. गळ्याच्या भोकातून खाऊचा तुकडा पुढे धरा आणि कुत्रा स्वतः डोकं आत घालेपर्यंत थांबा. आपण डोक्यावरून ओढायचा नाही. यात तीन-चार दिवस गेले तरी चालेल. पण हार्नेस ‘सवय व्हावी’ म्हणून तासभर अंगावर ठेवून घरात फिरवू नका. तो तासभर काहीच न होणं, हाच धडा मग कुत्रा शिकतो.

आता तीन रिकामी बुटांची खोकी घ्या, झाकणं काढून टाका. एकावर तळाला पेनने खूण करा, खाऊ कायम त्याच खोक्यात ठेवायचा. खोकी अदलाबदल केलीत तर कालच्या चिकनचा वास आज रिकाम्या खोक्यातून येईल आणि कुत्रा बरोबर असूनही चुकीचा ठरेल. खाऊ म्हणजे उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे, एका वेळी तीन-चार.

क्रम असा. कुत्रा दुसऱ्या खोलीत. खोकी एकमेकांपासून मीटरभर अंतरावर मांडा, खाऊ ठेवा, दार लोटून घ्या. कुत्र्यापाशी जा, हार्नेस दाखवा, घाला, बकल लावा आणि दोन सेकंदांच्या आत दार उघडा. बोलायचं काही नाही. तो खोक्यापाशी पोचून खाऊ खात असतानाच वरून आणखी दोन तुकडे त्याच खोक्यात टाका, म्हणजे बक्षीस जागेवर मिळतं, तुमच्या हातात नाही. शेवटचा तुकडा तोंडात असतानाच तिथेच हार्नेस काढा. मग कुत्र्याला बाहेर न्या आणि पुन्हा सुरुवातीपासून.

एका सत्रात असे तीन शोध, दिवसातून दोन सत्रं. प्रत्येक शोधासाठी हार्नेस नव्याने घालायचा आणि नव्याने काढायचा. कंटाळवाणं वाटेल, पण दहा दिवसांत साठ वेळा ‘हार्नेस, मग शोध’ ही जोडी घडते, आणि खरं शिकणं या जोडीतच आहे. तिन्ही शोधांसाठी हार्नेस एकदाच घातला तर वीसच जोड्या पडतील.

हार्नेस आधी, खोकी नंतर, हा क्रम मोडू नका. खोकी सरकवल्याचा आवाज आधी आला किंवा ती आधी दिसली तर कुत्रा खोक्यांनाच इशारा मानतो. पुढे खोकी नसलेल्या जागी नेलंत की तो हार्नेस घालून तुमच्या तोंडाकडे पाहत उभा राहील. मग ‘याला काही कळत नाही’ असं वाटतं. त्याला सगळं कळलेलं असतं, फक्त आपण शिकवलं त्यापेक्षा वेगळं.

हुक बदलण्याची युक्ती

बाहेर जायला लागलात की एक अडचण येते. हार्नेस शोधाच्या जागेवर घालायचा आहे, पण गाडीतून उतरून तिथवर कुत्र्याला चालवत तर न्यायचं आहे. यावर माग काढणारे कुत्रे हाताळणाऱ्यांची, म्हणजे हँडलरांची, रीत उत्तम आहे: हार्नेसने ‘काय काम’ ते सांगायचं आणि हुकाने ‘कधी सुरू’ ते.

कुत्रा रोजच्या गळपट्ट्यावर, रोजच्या लीशने येतो. हार्नेस पिशवीत. सुरुवातीच्या जागी पोचलात की थांबा आणि त्याला आजूबाजूला मिनिटभर हुंगू द्या, लघवी करू द्या. हवं तर पाणी पाजा. मग पिशवीची चेन उघडा. गाठ नीट बसली असेल तर इथेच कुत्रा बदललेला दिसतो. धापा टाकत असलेलं तोंड मिटतं, कान पुढे येतात, मान स्वतःहून खाली झुकते. हार्नेस घाला. रोजची लीश काढून लांब दोरीचा हुक आधी गळपट्ट्यातच लावा. पायाशी दोरीच्या सैल वेटोळ्या टाका. आता एक हात हार्नेसखाली ठेवून दुसऱ्या हाताने हुक गळ्यातून सोडवा, पाठीच्या कडीत अडकवा. टक्. त्या आवाजावर हात सैल करा आणि स्वतः जागेवर उभे राहा. पहिली तीन-चार पावलं त्याची एकट्याची.

शोध संपल्यावर हेच उलट. बक्षीस खाऊन झालं की हुक पाठीवरून गळ्यात, हार्नेस बाहेर, पिशवीत, चेन बंद. परतीच्या वाटेवर हार्नेस नाही.

हार्नेस चढणं आणि हुक लागणं यांत सुरुवातीला दोनच सेकंद ठेवा, मग हळूहळू वाढवत वीस-तीस सेकंदांवर न्या. त्याहून लांबवण्यात अर्थ नाही. तोंडी शब्द हवाच असेल तर तो हुकाच्या आधी, अर्धा सेकंद: ‘माग’, टक्, सुरू. शब्द आणि हुक एकाच क्षणी आले तर हुकच लक्षात राहतो, शब्द वाया जातो.

लवंगेचा वास आणताना

खाऊचा शोध पक्का झाल्यावर ठरावीक वास जोडता येतो. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ कॅनाइन सेंट वर्कच्या स्पर्धांत बर्च (भूर्ज जातीचं झाड), अ‍ॅनिस (बडीशेपेसारखा मसाला) आणि लवंग हे तीन वास असतात. आपल्याकडे लवंगेचं तेल सहज मिळतं, त्यातूनच सुरुवात करा. बर्चच्या तेलात मेथिल सॅलिसिलेट नावाचं रसायन असतं, ते पोटात गेलं तर कुत्र्याला विषारी आहे. घरगुती सरावात ते नकोच. लवंगेचं तेलही चाटू द्यायचं नाही. कापसाच्या काडीच्या टोकाला एक थेंब, काडी काचेच्या बंद बरणीत दिवसभर, मग ती काडी भोकं पाडलेल्या, घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत. आधी डबी खाऊशेजारी ठेवायची, पुढे खाऊ काढून घ्यायचा आणि कुत्रा डबीशी पोचल्यावर तिथे आणून द्यायचा. हाताळायला चिमटा आणि हातमोजे वापरा.

इथे आपल्या घरांतली एक खास गोची आहे. ज्या घरात गरम मसाला भाजला-कुटला जातो, तिथल्या स्वयंपाकघराच्या प्रत्येक कोपऱ्यात लवंग आहे. तिथे कुत्रा चुकला की बरोबर आला, हे आपल्याला सांगताच येत नाही. सराव हॉलमध्ये, गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये करा.

हार्नेस आणि वासाच्या डब्या एका पिशवीत कधीही ठेवू नका. दोन दिवसांत हार्नेसच्या कापडाला लवंगेचा वास चढतो आणि मग कुत्रा ज्याचा शोध घेतोय ते त्याच्याच छातीवर असतं. हार्नेस एका चेनच्या पिशवीत, वासाचं साहित्य झाकणाच्या बरणीत दुसरीकडे, खाऊ तिसरीकडे. हार्नेस धुताना बिनवासाचा साबण वापरा.

गाठ बसली का, हे कसं ओळखायचं

कुत्र्याने कधी न पाहिलेल्या जागी, खोकी नसलेल्या खोलीत, खाऊ दिसणार नाही असा लपवा. हार्नेस घाला, हुक लावा, एक शब्द न बोलता दहा सेकंद स्थिर उभे राहा. नाक खाली गेलं आणि तो तुम्हाला सोडून पुढे निघाला, तर साधन बोलू लागलं आहे. वळून तुमच्याकडेच पाहत राहिला तर दोन पायऱ्या मागे जा. या चाचणीत खाऊ खरोखर लपवलेला असावाच. ‘फक्त पाहू’ म्हणून रिकाम्या जागी सोडलंत तर साधनाने त्याला खोटं सांगितलं असं होतं. पूर्ण रिकाम्या जागेचा सराव फार पुढचा आहे.

दुसरी चाचणी तुमचीच आहे. कुत्रा हार्नेस वाचतोय की तुमच्या कमरेची खाऊची पिशवी? ती पिशवी साध्या फिरण्याच्या वेळीही चार-पाच दिवस लावून पाहा. शोधाचे ठरलेले बूट, ठरलेली टोपी, गाडीची ठरलेली जागा, या सगळ्यांतून तो अर्थ काढत असतो. तुमच्या मनातलंही तो वाचतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुत्रा आणि हँडलर अशा १८ प्रशिक्षित जोड्यांना अशा खोल्यांत सोडलं होतं, जिथे शोधायचा वास कुठेच नव्हता. हँडलरांना मात्र तो तिथे असू शकतो आणि ठरावीक कागदी खुणा त्याची जागा दाखवतात असं सांगितलेलं होतं. तरीही ‘सापडलं’ असे इशारे मोठ्या संख्येने नोंदले गेले. म्हणून शक्य तेव्हा वास दुसऱ्याने लपवावा आणि तुम्हाला जागा सांगू नये.

कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त बिघाड घरातून निघताना होतो. हार्नेस घरीच चढवला जातो, मग लिफ्ट, गाडी, अर्धा तास ट्रॅफिक. कुत्रा तेवढा वेळ ‘आता सुरू होणार’ या अवस्थेत ताटकळतो, कण्हतो, धापा टाकतो आणि मैदानावर पोचेपर्यंत दमलेला असतो. धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही, कारण तोंडाने हवा आत-बाहेर करणं आणि नाकाने बारकाईने हुंगणं ही दोन कामं एकाच वेळी धड होत नाहीत. याच कारणाने एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी आठच्या आत उरकावा.

दुसरा बिघाड पावसाचा. रोजचा पट्टा ओला आहे म्हणून ‘एक दिवस’ कामाचा हार्नेस घालून खाली नेलं जातं. एका दिवसाने सगळं मोडत नाही, पण जुलैत असे वीस ‘एक दिवस’ येतात. रोजचे दोन पट्टे ठेवा, एक वाळत असताना दुसरा वापरायला. कामाचा हार्नेस चपलांच्या रॅकपाशी टांगू नका, नाहीतर घरातलं कुणीतरी तोच उचलतं. ओला हार्नेस लगेच उन्हात किंवा पंख्याखाली वाळवा. दमट पट्ट्याने काखेतली कातडी सोलते, आणि एकदा दुखलं की कुत्रा हार्नेस पाहून मागे सरकायला लागतो.

तसा मागे सरकत असेल तर रागावण्याआधी काख तपासा, बकलात केस अडकतात का पाहा, तुमचा हात डोक्यावरून येतो का आठवून पाहा. तिथे काही नसेल तर गेले काही शोध फार अवघड झाले असणार. हार्नेसनंतर चार वेळा हार पत्करावी लागली तर हार्नेसच नकोसा होतो. आठवडाभर वीस सेकंदांत सुटणारे सोपे शोध द्या.

उलटंही घडतं. हार्नेस दिसला की भुंकणं, उड्या, पट्टा तोंडात धरणं. ही ‘आवड’ समजून कौतुक केलं जातं, पण अशा कुत्र्याची पहिली तीस सेकंदं नाक बंद ठेवूनच जातात. उडी मारली की हार्नेस परत पिशवीत, तीस सेकंद शांत उभे राहा, चार पाय जमिनीवर आले की पुन्हा बाहेर काढा. ओरडू नका, पट्टा झटकू नका. सुरुवातीच्या जागी गवतात दहा-बारा दाणे विखरून ते वेचू देणं हाही चांगला उतारा आहे. खाली मान घालून वेचताना श्वास शांत होतो.

दोरीही बोलते, हे विसरलं जातं. वास जिथे लपवला आहे तिथे जवळ येताच आपण नकळत पाऊल मंदावतो, दोरी घट्ट होते, आणि कुत्रा तोच ताण ‘इथे’ म्हणून वाचतो. चाल आणि दोरीचा ताण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा ठेवा.

फोटोसाठी हार्नेस घालू नका. पाहुण्यांना दाखवायलाही नको.

आणि एक गोष्ट अगदी मनापासून: हार्नेस नसताना शोधाचं बक्षीस नाही, याचा अर्थ हार्नेस नसताना हुंगायला मनाई असा नव्हे. फिरताना खांब, झाडाचा बुंधा, दुसऱ्या कुत्र्याची खूण हुंगणं ही त्याची गरज आहे. ‘कामाच्या वेळीच हुंग’ म्हणून त्याला रस्त्याने ओढत नेणं हा अन्याय आहे, आणि नाक वापरल्याबद्दल मिळालेला हिसका कामाच्या वेळीही त्याच्या लक्षात राहतो. फिरताना हुंगू द्या, फक्त त्यासाठी खाऊ देऊ नका.

जुना इशारा बोथट झाला असेल तर

हार्नेस सहा महिने सगळीकडे वापरून झाला असेल तर त्याचाच अर्थ दुरुस्त करत बसू नका. तो रोजच्या फिरण्याला द्या आणि कामाला दुसऱ्या घडणीचा, दुसऱ्या बकलाचा नवा आणा. शोधायचं कसं हे कुत्र्याला आधीच येतं, त्याला फक्त नवी गाठ हवी असते. नियम न मोडता झालेल्या तीसेक जोड्यांत नवा हार्नेस बहुधा बोलू लागतो.

दोन कामांसाठी दोन साधनंही ठेवता येतात: माणसाच्या मागासाठी छातीचा हार्नेस, लवंगेच्या शोधासाठी रुंद गळपट्टा. पण दुसरं साधन पहिल्याची गाठ पक्की झाल्यावर, निदान महिना-दीड महिन्याने आणा. सुरुवातीला एकाच दिवशी दोन्ही वापरू नका. एक दिवस हार्नेसचा, दुसरा पट्ट्याचा. कुत्रा गोंधळला तर गळपट्टा पंधरा दिवस कपाटात ठेवा आणि हार्नेसचं काम पूर्ववत झालं की मगच तो परत काढा.